पानाची डावी बाजू

शेखरचा उजवा हात वाचला, याचंच घरात सगळ्यांना समाधान होतं. लग्नसराईच्या तोंडावर दुकानात काम करता करता त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि तो खुर्चीवरून कलंडला. डावा पाय ओढत चालायला लागला, डावा हात मांडीवर नुसता पडून राहायला लागला. पण माउस धरायचा हात शाबूत राहिला. "देवाला बरोबर ठावं, कुठला हात ठेवायचा ते," असं त्याची आई सकुबाई भेटायला येईल त्याला सांगायची.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे शेखरचं डिझाइनचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, क्रिकेट स्पर्धांचे बॅनर, वाढदिवसाचे फ्लेक्स. त्याच्या अक्षराला तालुक्यात मान होता. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तो एकेक अक्षर फोडायचा, वेलांटी ओढून लांबवायचा, अनुस्वाराच्या जागी मोगऱ्याची कळी बसवायचा. त्याची धाकटी बहीण भूमिका त्याच्या शेजारी स्टूल टाकून हेच बघत मोठी झाली आणि मग वेगळ्या वाटेला लागली. ठाण्याच्या एका कंपनीसाठी ती घरूनच मोबाइल ॲपचे स्क्रीन बनवायची, तेही फिग्मा नावाच्या, इंटरनेटवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यावरून दोघांची कायम जुंपायची.

"नेट गेलं का तुझा कारभार बंद," शेखर म्हणायचा. "ब्राउझरमधलं खेळणं हाय ते."

"आणि तुझं काय रे दादा? जुनी फाइल उघडली तर उघडली."

पण तिच्या कामातल्या रंगांवर शेवटची नजर तोच टाकायचा, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय ती काही पाठवायची नाही.

चालायला थोडं जमायला लागलं तसा त्याने दुकानाचा हट्ट धरला. भूमिका त्याला रिक्षाने घेऊन गेली. वैशाखरे गावचे कुंडलिककाका आपल्या मुलीची पत्रिका शेखरनेच करावी म्हणून थांबून राहिले होते. शेखर खुर्चीत बसला, माउस हातात घेतला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग तो थबकला.

"भूमे, टूलबॉक्स कुठं गेला?"

पेन-ब्रशच्या चित्रांचा टूलबॉक्स जिथे असतो तिथेच होता, डाव्या कडेला. तिने बोट ठेवून दाखवला. "हा काय."

"मगाशी नव्हता." थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तो वैतागला. "बिघडलं गो हे. जुनं झालं. दुसरं काय तरी टाक."

भूमिकाला मनातून बरंच वाटलं. किती वर्षं ती हेच सांगत होती. तिने कॉम्प्युटरवर आधी इंकस्केप टाकलं. शेखरने दोन फुलं काढली आणि विचारलं, "ह्यात पेन कुठनं घ्यायचा?" पेन डावीकडे होता. मग कॅन्व्हा उघडून दिलं, त्यात तर फुलं-नक्षी सगळी आयती, डावीकडच्या पट्टीत. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. "ह्यात तर कायच नाय. नुसतं कोरं पान हाय."

ती न चिडता पुन्हा पुन्हा दाखवायची. तो पुन्हा पुन्हा विसरायचा, असं तिला वाटायचं.

एका दुपारी तो हळूच म्हणाला, "तुझंवालं शिकव मला."

हे ऐकायला ती कधीची आसुसलेली होती. तिने फिग्मा उघडलं. उजवीकडचे रंग त्याला लगेच कळले. डावीकडची, चित्राच्या थरांची यादी मात्र काही केल्या सापडेना.

"तुझं पण तसंच निघालं गो," तो हसून म्हणाला. तिला हसता आलं नाही.

तिच्या कामातला पहिला धडा असा, की माणसाला बटण सापडत नसेल तर चूक स्क्रीनची असते, माणसाची नाही. तिने तोच धरून ठेवला. पुन्हा जुनं कोरल उघडलं, टूलबॉक्स माउसने ओढला आणि उजव्या कडेला नेऊन चिकटवला.

"आला!" शेखर ओरडलाच. "हां, आता कसं!"

त्या दिवशी तो मान वर न करता कामाला लागला. भूमिका फोनवर बोलत बाहेर पायरीवर बसली होती. कितीतरी दिवसांनी माउसची ती सलग टिकटिक तिच्या कानावर येत होती, आणि डोळे पुसत ती समोरच्याला हो-हो म्हणत होती.

"झाली बघ," आतून हाक आली. "पाठव काकांना."

ती आत आली. उजव्या अर्ध्या पानात सगळी दाटी झाली होती. वराचं नाव, त्याच्या आईवडिलांची नावं, मुहूर्त, फुलांची वेल, सगळं एकमेकांना खेटून, उजव्या कडेला रेटलेलं. अक्षर जुन्यासारखंच देखणं होतं. डावा अर्धा भाग पांढरा होता. वधूचं नाव कुठेच नव्हतं.

"दादा, ही बाजू राहिली ना?"

"कुठली बाजू?" त्याने विचारलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

घरी जेवताना ती त्याच्याकडेच बघत बसली. उजवीकडचा भात संपला. डावीकडे वालाची भाजी तशीच. "आई, भाजी वाढलीच नायस," तो म्हणाला. सकुबाईने त्याचं ताट अर्धं फिरवलं. तो भाजी खायला लागला.

"हल्ली असंच करतो," ती भूमिकाला म्हणाली. "ताट फिरवलं का खातो."

व्यायामासाठी भूमिका त्याला शहापूरला न्यायची. तिथल्या डॉक्टरबाईंना तिने त्याला बाहेर बाकावर बसवून विचारलं. बाईंनी मोबाइलमधला त्या पत्रिकेचा फोटो नीट बघितला.

"डोळे चांगले आहेत त्यांचे. मेंदू डावी बाजू हिशेबात धरतच नाही. आणि काही राहिलंय हेही त्यांना जाणवत नाही."

"सुधारेल?"

"थोडंफार. मान वळवून शोधायची सवय लावावी लागेल. पण आधी त्यांना ते पटायला हवं. कुणीतरी दाखवून द्यायला हवं."

परतीच्या एसटीत, किन्हवलीच्या पुढे, शेखरने विचारलं, "काय बोलल्या?"

"व्यायाम वाढवलाय," भूमिका म्हणाली.

दोन दिवस तिला धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी तिने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, त्याची पत्रिका उघडली आणि अख्खं पान उलटं फिरवलं. अक्षरं डोक्यावर उभी राहिली, आणि कोरा भाग उजवीकडे आला.

शेखर दचकला. "हे कुणी पुसलं?"

"कुणी नाय पुसलं. तू केलंस तीच आहे. मी फक्त फिरवली."

"सरळ कर."

तिने केली. त्याचा चेहरा निवळला. पान भरलेलं होतं.

"परत फिरव."

पुन्हा तो पांढरा चौकोन. त्याने तिला कितीदा तरी पान फिरवायला लावलं. नुसती मान हलवून खुणावत राहिला. मग त्याने उजवा हात माउसवरून काढून घेतला.

"म्हंजे टूलबॉक्स..."

"होता, दादा. सगळ्यांत होता."

"मग तू येवढी सॉफ्टवेअरं कशाला बदलत बसलीस?"

"मला पण वाटलं, सापडेल कुठलं तरी."

तो रडला नाही. स्क्रीनकडे बघत राहिला, जणू कुणी ओळखीचं माणूस गेल्याची बातमी तिथे लिहिली होती. बाहेर गिऱ्हाईक येऊन शटर वाजवून गेलं, तरी दोघं हलले नाहीत. मग तो म्हणाला, "काकांची पत्रिका तू कर. तुझ्यातच कर. मला विचारू नको."

तिने केली. त्याची वेलांटी तिला जमली नाही, म्हणून तयार फॉन्ट घेतला. कळी कुठे बसवावी कळेना, ती तिने सोडूनच दिली. पत्रिका नीटनेटकी झाली, ठाण्याच्या कुठल्याही दुकानातली वाटावी अशी.

विचारू नको म्हणाला होता, तरी तिने प्रिंट त्याच्यासमोर धरली. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं तिने आता त्याला शिकवलं होतं, तशी शेखरने मान डावीकडे वळवायला सुरुवात केली. अंधारात भिंत चाचपडावी तशी. वराचं नाव झालं, मधला कलश झाला. वधूच्या नावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत तो पोचला. कपाळावर घाम आला. तिथून पुढे मान काही वळेना.

"चांगली हाय," तो म्हणाला आणि कागद तिच्या हातात परत दिला. "उरलेलं तू बघ."