खाटेखालचा लोटा

“खाट एकबी रिकामी दिसली नाई पायजे, सिस्टर. फोटोवाले येऊन राहिले.”

एवढं बोलून गोपाळराव माझ्याकडे असे बघत राहिले, जसे काही मी पदराखालून रोगी काढून देणार होते. चौऱ्याहत्तर सालचा मार्च संपत आला होता. उन्हानं नागपूरची गच्ची-गच्ची तापली होती आणि आमच्या वरच्या मजल्यावरचा नवाकोरा वॉर्ड कुलूप लावून बसला होता.

आमचा दवाखाना महाल भागातला, धर्मादाय ट्रस्टचा. गोपाळराव त्याचे व्यवस्थापक आणि मी तिथली जुनी नर्स. नाव अरुंधती, पण ते माझं मलाच आठवेनासं झालं होतं, सगळे सिस्टरच म्हणत. खाली बायकांचा वॉर्ड आणि बाहेरून येणाऱ्यांची तपासणी, एवढाच आमचा पसारा. वरचा वॉर्ड बांधला निरंजनकुमारच्या पैशांनी. हा निरंजनकुमार मूळचा आमच्याच मागल्या गल्लीतला केशव. मुंबईला गेला, हिंदी सिनेमात हिरो झाला, पडद्यावर गरिबांसाठी दर दिवाळीला जीव देऊ लागला. वडिलांच्या नावानं त्यानं वॉर्ड दिला. दारावर संगमरवरी पाटी लागली, ‘कै. चंपतराव स्मृती कक्ष’. खाटा आल्या, जाड गाद्या आल्या, प्राणवायूचं सिलिंडरही आलं. डॉक्टर आणि नर्सा मात्र आल्या नाहीत, कारण त्यांचा पगार कोणी दिलाच नव्हता. मग कुलूप लागणार नाही तर काय होणार? किल्ली आमच्या जयवंता आयाकडे असायची. ती रोज जाऊन धूळ झटकून यायची.

आता हिरो उद्घाटनाला येणार म्हटल्यावर गोपाळरावांनी तोड काढली. नोकरमाणसांनी आपापल्या घरचं एकेक माणूस आणावं, दुपारपर्यंत निजवावं, जाताना चिवडा-केळी न्यावी. मी म्हटलं, छान, म्हणजे सिनेमातल्या गर्दीसारखं. ते ओशाळले, पण हो म्हणाले. चौकीदारानं आपला भाऊ कबूल केला, कंपाउंडरनं सासरा. सासरेबुवा तर गेल्याच आठवड्यात कुस्त्या बघायला पायी जाऊन आले होते.

जयवंता मला जिन्याखाली गाठून हळूच म्हणाली, “सिस्टर, खरा बिमार आणला तं चालंन का?”

तिच्या नवऱ्याबद्दल ती बोलत होती. गोविंदा जन्मभर कापसाच्या गिरणीत, पिंजणखात्यात. तिथला तूस छातीत जाऊन बसला आणि छाती पार कामातून गेली. आडवं होता येईना, भिंतीशी पोत्याला टेकून बसल्या-बसल्या रात्र काढायचा. आमच्याकडे पुरुषांना खाट नव्हती, नाहीतर मीच कधीची मिळवून दिली असती. मी तिला म्हटलं, आण बाई, पण दुपारपर्यंतच, हे ध्यानात ठेव. ती “हो जी” म्हणाली. तिचं हे ‘हो जी’ मला माहीत होतं. त्यात होकार कमी आणि हट्ट जास्त असायचा.

दुसऱ्या दिवशी बाकीचे हात हलवत आले. जयवंता इंदोरा वस्तीतून सायकल-रिक्षात नवऱ्याला घेऊन आली, मांडीवर गाठोडं. गाठोड्यात ताट, लोटा, चादर, धुतलेलं धोतर, कडुलिंबाच्या चार काड्या. ही दुपारपुरती आलेली नाही, हे मी लोट्यावरूनच ओळखलं. कारण आमच्या दवाखान्याची एक रीत होती. रोग्यानं भांडी घरून आणायची आणि ज्याचा लोटा खाटेखाली, त्याची ती खाट. कागदावर काहीही असो, आया लोट्याकडे बघूनच खाट ओळखायच्या. रोगी संडासला गेला आणि दुसरं कोणी टेकलं, तर लोटा दाखवला की भांडण मिटायचं. माझ्या देखत कोणाचा लोटा कोणी हलवला नव्हता. रोगी मेला तरी घरचं माणूस येईपर्यंत लोटा तिथंच असे.

जयवंतानं खिडकीजवळची खाट धरली. नवऱ्याच्या पाठीशी उशा रचल्या आणि खाली वाकून पितळी लोटा ठेवला. लग्नातला असावा. काठाखाली ठोके मारून ‘गोविंदा’ असं नाव घातलेलं होतं.

आमच्या डॉक्टरांनी फोटोत बरं दिसावं म्हणून सिलिंडर उघडलं आणि गोविंदाच्या नाकावर मुखवटा बसवला. बाकीच्यांसाठी ते नाटक होतं, पण या माणसाला कित्येक महिन्यांनी पोटभर श्वास मिळाला. खांदे खाली आले, ओठांचा निळा रंग उतरत गेला. जयवंता पायथ्याशी उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला बघवेना. मी उगाच दुसऱ्या खाटेची चादर ओढत बसले.

मग निरंजनकुमार आला. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. एवढ्या गर्दीतून आला तो सरळ गोविंदाच्या खाटेवर बसला. फोटोवाल्यांनी बसवलं म्हणा, खऱ्या रोग्याचा चेहरा त्यांना बरोबर कळतो. पण गोविंदाच्या छातीवर हात ठेवून तो मुंबईची हिंदी सोडून आमच्या बोलीत बोलला.

“काय गा बाबा, बरं वाटून राह्यलं ना आता?”

गोविंदानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते बघून हिरोच्याही आलं, आणि ते पडद्यावरचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. उठताना तो गोपाळरावांना म्हणाला, “यायले काही कमी पडू देऊ नका.” जयवंतानं ते ऐकलं. तिच्यापुरता निकाल लागला होता.

त्याच्याबरोबर एक किडकिडीत गृहस्थ होते, हातात कातडी बॅग. ते त्याचे कराचे वकील. त्यांनी ना रोगी बघितले, ना पाटी. देणगीची पावती मार्चअखेरच्या आतली आहे ना, एवढंच विचारलं आणि घड्याळ बघत जिना उतरले.

मोटारी गेल्या. खोटे रोगी टणाटण उठले, चिवड्याच्या पुड्या घेऊन पांगले. डॉक्टरांनी सिलिंडरची चावी बारीक केली. मी गोपाळरावांना गॅलरीत अडवलं. म्हटलं, हा काय प्रकार आहे? एवढा पैसा आला, त्यात एक डॉक्टर बसत नाही? ही फसवणूक नाही का?

“फसवणूक कायची, सिस्टर? सगळं कायद्यात बसते. वकिलानं बसवलं हाये.” ते कठड्याला टेकले. दमले होते बिचारे. “त्याच्या मिळकतीवर सरकार रुपयातले बहुतेक पैसे घेऊन जाते. धर्मादायले देल्लं का टॅक्स वाचते. मंग तो भिंती देते. डॉक्टरचा पगार देल्ला तरी वाचते, पण डॉक्टरवर बापाचं नाव कोरता येते का?”

“आणि रोगी?”

“कायद्याले पावती लागते. रोगी फोटोवाल्याले लागतात.”

मी म्हटलं, हाच पैसा सरकारात गेला असता तर सरकारी दवाखान्यात चार खाटा वाढल्या असत्या. गोपाळराव म्हणाले, खरंच वाढल्या असत्या का? त्या प्रश्नाचा मला राग आला. आजही येतो.

मग ते आत गेले. जयवंता खाटेच्या पायथ्याशी बसली होती. गोविंदाला डोळा लागला होता, मान उशीवर कलली होती. असा झोपलेला तो कधीपासून दिसला नव्हता म्हणे.

“बाई, उठवा त्याले,” गोपाळराव खालच्या आवाजात म्हणाले. “कुलूप लावाचं हाये.”

ती जागची हलली नाही. “साहेब, खाट तं आता यायची झाली ना? लोटा ठेवला हाये खाली.”

गोपाळरावांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी तिला समजावलं, की इथं डॉक्टर नाही, नर्स नाही, सिलिंडर संपलं तर भरायची सोय नाही. एका माणसासाठी वॉर्ड कसा चालेल? ते बोलत होते त्यात काही खोटं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“पण थ्या साहेबानं सांगतलं ना, काही कमी पडू देऊ नका म्हणून. तुमच्या समोरच सांगतलं.”

या बोलण्यानंच गोविंदा जागा झाला असावा. त्यानं तिघांची तोंडं बघितली आणि काय समजायचं ते समजला. मुखवटा स्वतःच्या हातानं काढून बाजूला ठेवला. कॉटचा दांडा धरून उभा राहिला, थोडा वेळ नुसता धापा टाकत. मग वाकून चादरीवरची सुरकुती सारखी केली, उशी थापटली, आपण निजलो त्याची खूण राहू नये अशी.

“चाल वं,” तो म्हणाला. “त्यायची खाट हाये.”

जयवंतानं ताट घेतलं, चादर घेतली. लोटा तिनं घेतला नाही. मी बघितलं, गोपाळरावांनीही बघितलं, आणि तसंच कुलूप लावलं.

पुढे ती रोज वर जायची, धूळ झटकायची, पण खिडकीजवळच्या खाटेखालचा लोटा तसाच ठेवायची. कुलपाच्या आत खाट नवऱ्याच्या नावावर होती, असं तिनं धरलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला होता. वस्तीतले लोक येऊन तिला म्हणत, नशीब काढलं वं गोविंदानं, हिरोच्या दवाखान्यात खाट भेटली. ती कोणाला काही सांगायची नाही. तिच्या मते खाट भेटलेलीच होती, फक्त उशीर होत होता.

एप्रिलात वरचा वॉर्ड भाड्यानं गेला. निरंजनकुमारच्या भावाची सिनेमे वाटायची कंपनी होती, तिला रिळांचे डबे ठेवायला जागा हवी होती. भाडं ट्रस्टलाच मिळणार, म्हणजे तेही कायद्यात बसलं. हमालांनी खाटा भिंतीशी लोटल्या, गाद्या गुंडाळल्या, खाटांवरच डबे रचले. जयवंता वर गेली आणि पदराखाली काहीतरी झाकून खाली आली. माझ्याकडे न बघता तशीच घरी निघून गेली. अर्ध्या दिवसाची रजा तिनं मागितली नाही आणि गोपाळरावांनी मांडली नाही.

त्यानंतर तिनं गोविंदाला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. पुढचं तिनंच मला सांगितलं. खिडकीवरच्या बाबूनं गोविंदाला बघितलं आणि लगेच ओळखलं. पेपरातला फोटो त्याच्या ध्यानात होता.

“याले तं थ्या हिरोच्या दवाखान्यात खाट हाये ना? मंग गरिबायची जागा काहून अडवून राह्यले?”

तिनं परोपरीनं सांगितलं, पण पेपरात छापलेलं खोटं असेल हे कोण मानणार? व्हरांड्यात जमिनीवर सतरंजी मिळाली. गोविंदाला आडवं होता येत नव्हतं, म्हणून ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची. बुद्धपौर्णिमेच्या आधी, भर दुपारी तो गेला. लोटा जवळच होता, म्हणाली. त्यातलंच पाणी पाजलं.

गेलेल्या माणसासाठी बौद्धांत पुण्यानुमोदन करतात, त्यासाठी फोटो पाहिजे होता. गोविंदाचा दुसरा धड फोटोच नव्हता. गिरणीत चार माणसांत काढलेला एक होता, त्यात तो मागे उभा, चेहऱ्यावर समोरच्याची टोपी. म्हणून ती मला घेऊन सदर भागात गेली, पेपरासाठी ज्यानं फोटो काढला होता त्याच्या स्टुडिओत. माणूस भला होता, त्यानं शोधून मोठी प्रत काढून दिली. मुखवटा होता, पण डोळे, कपाळ, सगळं गोविंदाचं. शेजारी निरंजनकुमार, आणि खाली खाटेच्या सावलीत लोटा.

जयवंतानं बोट ठेवलं. “हे माणूस कापून टाका.”

स्टुडिओवाला चकित झाला. म्हणाला, अहो बाई, याच्यासोबतच्या फोटोसाठी लोक पैसे मोजतात. मी म्हटलं, ती सांगते तसं करा. त्यानं कात्री घेतली, पट्टी लावली आणि थांबला. हिरोचा हात गोविंदाच्या छातीवर होता. हात कापायचा तर छातीही जाणार. रंग लावून झाकता येईल, म्हणाला, दोन दिवस लागतील.

जयवंतानं फोटो हातात घेतला. रागानं काहीतरी बोलेल असं मला वाटलं. मला तर बोलावंसं वाटत होतं.

“हात राहू द्या, बाकीचा कापा,” ती म्हणाली. “हात तं त्यानं खराच ठेवला होता.”

ती चौकट तिच्या घरात मी बघितली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींखाली लावली होती. गोविंदा उशांना टेकून बसलेला, आणि कडेकडून आत आलेला एक गोरा हात, बोटात अंगठी, मागे माणूस नाही. आलेले लोक विचारत, हा हात कोणाचा वं? ती म्हणायची, दवाखान्यातल्याचा. चौकटीखाली पाटावर लोटा ठेवला होता, पाण्यानं भरलेला, नाव लोकांकडे करून.