तिसऱ्यांदा विचारल्यावर

अमेरिकेतल्या मिनेसोटात एक लहानसं गाव, गावात बोर्गहिल्ड नावाची ब्याऐंशी वर्षांची बाई, तिची एकुलती एक लेक लोर्ना दूर शिकागोला; आणि मी त्या बाईचा वॉकर, म्हणजे चालताना धरायचा आधार, बोलतोय. पाय चार, मागच्या दोहोंना फरशीवर घासू नयेत म्हणून टेनिसचे चेंडू खोचलेले.

कारखान्यातून निघालो तो आधी ओले नावाच्या गाईवाल्याकडे गेलो. तो माझ्यावर कोट वाळत घालायचा. तो वारल्यावर बायकोनं मला चर्चच्या तळघरात टाकलं. दोन हिवाळे पडून होतो. मग बोर्गहिल्ड बर्फावर घसरली आणि माझं नशीब उघडलं.

इथली एक रीत आहे. कॉफी घेता का म्हटलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणून भरलेला कप संपवायचा. लगेच हो म्हणणारा तो हावरा. लोर्ना शहरात राहून हे विसरली होती.

बोर्गहिल्डच्या न्हाणीघरातला टब गुडघ्याएवढा उंच. मार्चपासून तिनं त्यात पाय टाकला नव्हता. एका हातानं मला धरायची, दुसऱ्यानं ओल्या फडक्यानं अंग पुसायची. फोनवर लोर्नाला मात्र सगळं छान.

ऑगस्टात लोर्ना आली. आता एकटीनं राहणं नको, हे दोघींनाही पटलं. पण जायचं कुठं? लोर्नानं तळ्याकाठची, म्हाताऱ्यांसाठीच बांधलेली नवी इमारत शोधून काढली. दारातच पियानो, जेवायला कापडी रुमाल. तिथल्या पोरीनं कागदात बघत विचारलं, अंघोळ तुमची तुम्ही करता ना? बोर्गहिल्ड म्हणाली, हो. पोरीनं कागदावर खूण केली आणि मदतनीस नसलेला फ्लॅट दाखवला. टब तसाच, उंच. कसा आहे विचारलं तर बोर्गहिल्ड म्हणाली, वाईट नाही. लोर्नाला वाटलं, आवडला.

सोमवारी सही करायची. शनिवारी, शेजारणीनं सुचवलं होतं म्हणून तिचं मन राखायला, दोघी गावातल्या जुन्या, बैठ्या वृद्धाश्रमात गेल्या. तिथलं सगळं बघणारी आर्डिस याच गावची लेक. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. उजवीकडचीच मूठ एवढी झिजलेली कशी, म्हणाली. मग कॉफी ओतत विचारलं,

"अंघोळीला कुणी लागतं का, मावशी?"

"छे, माझी मी करते."

"पाठ चोळायला तरी?"

"उगाच कुणाला त्रास कशाला."

लोर्ना उठलीच. "अहो, नको म्हणतेय ना ती."

आर्डिस जागची हलली नाही. "खरंच नाही लागत, मावशी?"

बोर्गहिल्डनं माझी मूठ आवळली. "बरं... टबात शिरताना कुणी धरलं तर. मार्चपासून शिरले नाही मी."

लोर्ना मटकन बसली. "आई, मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू एकदाच विचारलंस."

सोमवारी सही झाली, पण आर्डिसकडे. इथल्या टबाला दार आहे. पाऊल उचलावं लागत नाही. हाताशी माणूस आहे. पियानो नाही, आणि जेवणात बटाटे जरा जास्तच.

मी आता खिळखिळा झालोय, एक चेंडूही फाटलाय. तरी एक मागणं करतो. म्हाताऱ्या माणसासाठी जागा बघायला निघालात, तर दिवाणखान्याआधी न्हाणीघर बघा, आणि त्या माणसालाही सोबत न्या.

काल मंगळवार होता. मी टबाच्या दाराशी उभा होतो. बोर्गहिल्ड अर्धा तास ऊन पाण्यात बसली. गाल लाल करून बाहेर आली आणि ओल्या केसांनीच लोर्नाला फोन लावला, आज मस्त न्हाले गं, म्हणून.