चालू लाइन

टेलिफोनच्या केबली जोडणाऱ्या माणसाला जॉइंटर म्हणतात, आणि आपला हा जॉइंटर स्वतःच्या सांध्यांबद्दल भलताच तोऱ्यात असायचा. रस्त्याखालच्या खड्ड्यात बसून तो शेकडो बारीक वायरी रंगाला रंग लावून अशा जुळवायचा, की एकाचा फोन दुसऱ्याकडे जाण्याची बिशाद नव्हती. त्याच्या धंद्यातला पहिला धडा म्हणजे चालू जोडी, म्हणजे ज्या दोन वायरींवर कुणाची लाइन सुरू आहे ती, कापायची नाही. बाकी काही चुकलं तर साहेब ओरडतो, पण चालू जोडी कापली तर अख्खी गल्ली ओरडते.

आणि अशा माणसाच्या मनगटातलीच केबल तुटावी! घरातल्या खिडकीची काच बदलताना ती निसटली, या शहाण्याने झेलायला हात पुढे केला, आणि उजव्या मनगटातली मज्जातंतूंची जुडी कापली गेली. डॉक्टरीणबाईंनी ती शिवली आणि समजावूनही सांगितलं. एकाच जुडीत हजारो तंतू असतात. काही बोटांकडच्या बातम्या वर मेंदूला पोचवतात, गरम लागलं, टोचलं, मऊ आहे. काही मेंदूचे हुकूम खाली स्नायूंना देतात, पकड, सोड, वळ. आता मनगटापासून बोटांपर्यंत या तंतूंनी आपले आपण वाढत जायचं होतं, तेही गोगलगायीच्या चालीनं.

"म्हणजे इनकमिंग आणि आउटगोइंग! आमचाच धंदा की हो, बाई!" जॉइंटर खूश झाला.

मग कित्येक महिने काही म्हणजे काही नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडासारखी. शर्टाचं बटण बायकोने लावायचं, बुटाची नाडी बायकोने बांधायची. बिचारा वरवर हसायचा, पण आतून धास्तावला होता. बोटांना कळलंच नाही तर केसासारख्या वायरी पिळणार कशा? खड्ड्यातली ती ओली, अंधारी जागा त्याला घरापेक्षा प्यारी होती, आणि ती कायमची सुटते की काय, या विचाराने त्याचा घास उतरेना.

एके दिवशी सकाळी चहाचं पातेलं उतरवताना त्याचं बोट कडेला लागलं आणि तो किंचाळला, "आई गं! भाजलं!"

बायकोने हातातलं फडकं हवेत उडवलं. "भाजलं! अहो, तुम्हाला भाजलं!" वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सासूबाई धापा टाकत खाली आल्या. "खरंच दुखतंय का हो, जावईबापू?"

"भयंकर दुखतंय, आई!" जॉइंटर आनंदाने ओरडला. नवरा भाजला म्हणून साखर वाटणारी बाई जगात ही एकटीच असेल.

तेवढ्यात बायकोचं लक्ष गेलं. "अहो, लाल झालीय तर्जनी. तुम्ही मधल्या बोटावर कसली फुंकर घालताय?"

झालं! आनंदात मिठाचा खडा पडला. तर्जनीला हात लावला की मधल्या बोटाला लावल्यासारखं वाटे, मधल्याला लावला की तर्जनीला. जॉइंटरच्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच उठून तो दवाखान्यात गेला.

"बाई, तुमचा सांधा चुकलाय. जोड्या फिरल्यात. मी असं काम केलं असतं तर साहेबांनी मला हाकलून दिलं असतं. पुन्हा उघडा आणि नीट जोडा!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमच्या वायरींना रंग असतात. या तंतूंना नसतात. वाढताना काही शेजाऱ्याच्या वाटेत शिरतात, ते कुणाच्या हातात नाही. पुन्हा कापलं तर वाढलेलं सगळं मरेल आणि पहिल्यापासून सुरुवात. कदाचित यापेक्षाही वाईट होईल. डोळे मिटून बोटं ओळखायचा सराव करा, मेंदू शिकेल. महिन्याने या. तेव्हाही उघडा म्हणालात तर बोलू."

"चुकलेला सांधा सरावाने सुधारतो होय?" घरी येऊन जॉइंटर फणफणला. "महिना सरू दे. उघडायलाच लावतो!"

सासूबाईंनी ते ऐकलं. त्या जुन्या टेलिफोन ऑपरेटर. ज्या काळात बोर्डावर दिवा लागला की हातानेच तारेची दोरी भोकात खुपसून लाइन जोडायची, त्या काळातल्या. जावयाशी बोलताना मान राखायच्या, पण जीभ मुळीच आवरायच्या नाहीत.

"जावईबापू, एकदा खड्ड्यात पाणी शिरलं आणि आमच्या बोर्डावरच्या लाइनी उलटसुलट झाल्या. शाळेचा दिवा लागला की बेकरीवाला बोलायचा. बेकरीचा लागला की वकील. तुमच्यासारखाच कुणी जॉइंटर यायचा होता. येतो येतो म्हणाला आणि फिरकलाच नाही."

"मग?"

"मग काय, शहराने बोलायचं थांबवायचं? शाळा म्हणजे बेकरी, बेकरी म्हणजे वकील, असं घोकलं. सुरुवातीला मी चुकले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पुढे माझा हात आपोआप जायला लागला. शेवटी तुमचा तो भाऊबंद आला, वायरी सरळ केल्या, आणि तेव्हा मात्र माझी भंबेरी उडाली!"

जॉइंटरला नको नको म्हणताना हसू फुटलं.

"तुमच्या डोक्यातली ऑपरेटर माझ्याहून ठोंब आहे का? बसा समोर."

रोज जेवणं झाली की सासूबाई त्याच्या डोळ्यांवर ओढणी बांधायच्या, त्याचा हात आपल्या हातात घ्यायच्या आणि पेन्सिलीचं टोक टेकवायच्या. "सांगा, कोण बोलतंय?"

"मधलं."

"राँग नंबर!"

मग ओढणी वर करून त्याने बघायचं, की बोलली होती तर्जनी. पुन्हा ओढणी. बटण आहे की खोडरबर? खडबडीत की गुळगुळीत? अंगठा करंगळीला टेकवा बघू. हुकूम सुटायचा, अंगठा मात्र सुस्त कारकुनासारखा अर्ध्या वाटेत थांबायचा. बायको बाजूला बसून मार्क द्यायची, आणि चक्क नवऱ्याविरुद्ध आईची बाजू घ्यायची. चिडून तो दोनदा ओढणी फेकून उठून गेला. दोन्ही वेळा सासूबाई तिथेच पेन्सिल धरून बसून राहिल्या.

महिना सरला तरी चारातला एक नंबर राँगच येत होता.

"आई, तुमची मेहनत वाया गेली असं म्हणत नाही," निघताना तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "पण आज उघडायलाच सांगणार."

"तुमचा हात, तुमची मर्जी," त्या म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या. त्याने डाव्या हातात पिशवी घेतली, उजवा हात खिशात घातला, दाराला कुलूप लावलं आणि तो जिना उतरायला लागला.

"थांबा, जावईबापू!" सासूबाईंनी दाराकडे बोट दाखवलं. "कुलूप कुणी लावलं?"

"मीच. का?"

"किल्ली कशी शोधलीत?"

तो जागीच थांबला. खिशात घराची किल्ली होती, स्कूटरची होती, सुटे पैसे होते. त्याने खिशात पाहिलं नव्हतं. शाळा म्हणजे बेकरी असं काही घोकलंही नव्हतं. बोटांनी बातमी दिली, वरून हुकूम आला, किल्ली हातात. मधे कुणी काही विचारलंच नव्हतं.

"अरेच्चा!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नुसता प्रश्न केला, "मग, उघडायचं का पुन्हा?"

जॉइंटरने उजवा हात झटकन छातीशी धरला. "खबरदार हात लावाल तर! चालू लाइन आहे ती!"

बाई इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले. त्यांनी सांगितलं, सराव सोडू नका, आणि लवकरच खड्ड्यात उतरायला हरकत नाही. ते ऐकून जॉइंटरचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

परतताना बसच्या पायरीवर सासूबाई अडखळल्या, तेव्हा त्याने त्यांचा हात धरला आणि धरूनच राहिला. महिनाभर हाच हात रोज त्याच्या हातात होता, पण तो असा आहे हे त्याला आज कळत होतं.

"आई, तुमचे हात किती गार आहेत हो!"

सासूबाईंनी सवयीने विचारलं, "कुठल्या बोटाला गार लागतंय?"

"सगळ्या," तो म्हणाला. "सगळ्या बोटांना, आई."