दहा लाख तीनचा तावीज

सावलीच्या आठवडी बाजारात, मांडवाखाली, माणसं मोबाइलवर भागाकार करत बसली होती.

"सातानं भागा. आपल्या वयानं भागा," आकडेबाबा माइकवरून सांगत होता. "दहा लाख तीन. बाकी उरतेच! ज्या आकड्याले कोणी तोडू शकत नाई, तो गळ्यात असल्यावर रोग तुमाले कसा तोडन?"

हायस्कुलात गणित शिकवणारी कहकशाँ भाजी घेऊन चालली होती. थांबली ती चंचलला पाहून. चंचल तिच्या नववीच्या वर्गातली, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पेशंट. गळ्यात नवाकोरा तावीज.

"रोजची गोळी बंद केली जी मॅडम," चंचलचे वडील सोमाजी म्हणाले. "बाबा म्हणते, गोळीनं आकड्याचा जोर फुटते."

कहकशाँ तडक मांडवात शिरली. "ही मूळ संख्या आहे," तिनं लोकांना सांगितलं. "एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. अशा संख्यांना अंतच नाही. दहा लाख तेहतीस घ्या, भागून पाहा."

लोकांनी भागून पाहिलं. बाकी उरली. केसरबाई म्हातारी दोरा घेऊन पुढं आली. "मंग हाबी लिहून दे न बाई. दोन्ही बांधतो."

"बरं, दहा लाख तीनला दहा लाख तीननंच भागा," कहकशाँ म्हणाली. "काही उरतं का? म्हणजे हाही तुटतोच."

बाबानं हात जोडले. "मॅडम खरं सांगून राह्यल्या. हा आकडा फक्त आपल्याच हातानं तुटते. म्हणून म्हणतो, मनात शंका आणू नका."

माना डोलल्या. तिच्याच गणितानं बाबाचा धंदा पक्का केला होता. पुढं ती सोमाजीच्या घरी जाऊन विनवून आली, पण त्यांचं उत्तर तयार होतं, "तुमीच तं म्हणल्या, आकडा तुटत नाई."

धानकापणीत चंचलची हाडं ठणकायला लागली. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिची आई भागीरथा लेकीचे पाय चोळत बसली होती. बाहेर सोमाजीनं कहकशाँला विचारलं, "आकडा खोटा होता का जी?"

"आकडा खरा आहे, भाऊ. पण त्याला चंचलचं रक्त माहीत नाही. आकडा तुटत नाही, म्हणून रोगही तुम्हाला तोडणार नाही, असं बाबा म्हणाला ना, ते 'म्हणून' खोटं. औषध लागू पडतं का, हे आजारी माणसांवर तपासूनच कळतं. गोळी तशी तपासलेली आहे. तावीज कोणी तपासला?"

सोमाजीनं दारातून आत पाहिलं. "आता गोळी देली तं बरी होईन ना?"

"डॉक्टर प्रयत्न करताहेत," ती म्हणाली. "यापुढं कोणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा, यानं दाखवलं काय आणि आपल्याकडून कबूल करून घेतलं काय."

सोमाजीनं मान हलवली. आतून चंचलचं कण्हणं येत होतं. दोघंही दाराशी ते ऐकत उभे राहिले.