नेट आपसूक गेलं पाहिजे

साहेबानं फोन ठेवायचा नाही म्हणून सांगितलं होतं, आणि कोकिळाबाईंनी तो सकाळपासून ठेवला नव्हता.

मधल्या खोलीत कपाटाला टेकून त्या बसल्या होत्या. समोर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, आणि त्यात खाकी कपड्यातला एक माणूस. त्यांची सून खुशी, दीड वर्षाच्या आयुषला कडेवर घेऊन दाराआड उभी होती. तिथून तिला त्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, आवाज तेवढा यायचा. गोड आवाज. त्या गोडपणानंच तिच्या अंगावर काटा यायचा.

"माताजी, फोन काटना मत. किसी को बताना मत. काटा, तो बेटा अंदर."

बेटा म्हणजे घनश्याम, खुशीचा नवरा. ट्रक घेऊन पहाटेच पांढरकवड्यावरून हैदराबादकडे गेलेला.

मोरीत जाण्यापुरती काय ती परवानगी होती. तिथं खुशीनं सासूला गाठलं. नळ सोडून दिला, म्हणजे बोलणं ऐकू जायला नको.

"घनश्यामच्या गाडीत गांजाचं पार्सल सापडलं म्हन्ते," कोकिळाबाईंचे दात वाजत होते. "दिल्लीचे पोलीस हायेत वं. बँकेतलं सगळं त्यायच्या खात्यात टाकाचं, मंग तपासून वापस देतेत."

"आई, चोर हायेत ते. कट करा तो फोन. नाई तं मीच करतो."

"खबरदार! हात लावशीन त्याले तं माह्यं मेलेलं तोंड पाहशीन."

शपथच घातली. खुशीचा हात होता तिथंच थिजला. स्वयंपाकघरात येऊन तिनं घनश्यामला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेचना. चोर आहेत हे तिला कळत होतं. पण घनश्यामचा फोन लागत नाही, हेही तितकंच खरं होतं. त्या दोन गोष्टींच्या मधोमध तिचं काळीज लटकत राहिलं.

तेवढ्यात आतून हाक आली.

"सूनबाई, मले गळ्यात घालाले मोबाइलची थैली शिवून दे लवकर. घाटंजीले बँकेत जा लागते. फोन चालू ठेवून गळ्यात अडकवा म्हन्ते साहेब."

खुशी जागच्या जागी उभी राहिली. शपथ घातली होती ती तिच्या हाताला. नेटला कुठं शपथ होती? या गावात ढग आला की नेट जायचं, लाइट गेली की जायचं, कधी तर उगीचच जायचं. ते आपसूक गेलं तर दोष कोणाला द्यायचा?

मागं एकदा आयुषनं तिचा मोबाइल पिठाच्या स्टीलच्या डब्यात घालून वरून झाकण दाबलं होतं. शेजारची संगीता फोन लावून लावून थकली, पण घंटी वाजली नाही; बंद डब्यात रेंजच पोचली नव्हती. डबा काही गळ्यात अडकवता येत नाही. पण घनश्यामच्या पोळ्या बांधायचा फॉइल पेपर फळीवर होता.

तिनं आयुषचं जुनं मऊ दुपटं फाडलं. फॉइल दोन कापडांच्या मध्ये घातला, नाही तर चुरचुरला असता. मशीन सुरू झाली तसा आतला आवाज एकदम कडक झाला.

"ये आवाज किसकी है?"

"बहू थैली सिव रही साहेब," कोकिळाबाई घाईनं म्हणाल्या, "तुमारेच फोन के लिये."

खुशीचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. मग तिनं तो पुन्हा हलवला, हळूहळू, जणू काही झालंच नाही.

थैलीत आपला मोबाइल घालून ती मागच्या भिंतीशी गेली. "संगीता, मले फोन लाव जरा."

"काहून वं? सोताचीच घंटी ऐकाची हौस आली का तुले?"

"लाव ना वं!"

घंटी वाजली. तिनं थैली उलटी केली. घडीवर फॉइल फाटला होता, तोंडही उघडंच होतं. मग चार पदर लावले, तोंड झाकणारी लांब झाप ठेवली, ती दोनदा दुमडून वर घट्ट बटण लावलं. "आता लाव."

"लागत नाई म्हन्ते बाई," भिंतीपलीकडून संगीता म्हणाली.

कोकिळाबाई नवं लुगडं नेसून, पासबुक घेऊन उभ्या होत्या. खुशीनं स्वतःच थैली त्यांच्या गळ्यात घातली. "रस्त्यानं धूळ लागते, आई," म्हणत तिनं झाप दुमडली, आणखी एकदा दुमडली, बटण लावलं.

आतून "माता..." एवढंच आलं.

पायरी उतरताना कोकिळाबाई छातीशी वाकून म्हणाल्या, "साहेब, निघाली मी." उत्तर नाही. "साहेब? ओ साहेब?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आवाज गेला वं! त्यायले वाटन म्याच कापला! माह्या पोराले..."

"नेट गेलं असन, आई. रोजच जाते."

कोकिळाबाई ओट्यावर मटकन बसल्या. छाती धपापत होती, डोळे फिरल्यासारखे झाले होते. आपण या बाईला मारतो की काय, असं खुशीला वाटलं. एका हातानं सासूची पाठ चोळत दुसऱ्यानं तिनं घनश्यामला फोन लावला. लागला नाही. लावला. नाही. लावला.

घंटी गेली.

"हाव, बोल." मागं गाड्यांचे भोंगे. "जंगलात होतो, रेंज नोहती."

कोकिळाबाईंनी फोन हिसकला. "व्हिडिओ लाव! लाव आधी. अन् दोन्ही हात दाखव मले!"

"आँ? जेवून राह्यलो ना माय, ढाब्यावर."

"हात दाखव म्हनलं ना!"

घनश्यामनं मोबाइल कशाला तरी टेकवला आणि दोन्ही हात वर धरले. बोटांना वांग्याची भाजी लागलेली. मनगटं मोकळी. कोकिळाबाई त्या मनगटांकडे पाहतच राहिल्या.

"काय झालं वं माय? ऊन लागलं का तुले?"

खुशीनं सगळं सांगितलं. तो जेवणावरून उठलाच. "कोनालेच पैसे देऊ नका. सिधे ठान्यात जा, आत्ता."

तरीही खात्री करावी तशी कोकिळाबाईंनी थैलीची झाप जराशी उघडली. क्षणभर काही नाही, आणि मग घंटी सुरू झाली. कर्कश, थांबायलाच तयार नाही. आयुष दचकून रडायला लागला. कोकिळाबाईंचा अंगठा पडद्याकडे निघाला होता. त्यांनी डोळे मिटून थैली गळ्यातून काढली आणि खुशीच्या पुढ्यात धरली.

"तूच ठेव हे पोरी. माह्यापाशी राहिला तं मी उचलीन."