हौसा सुईणीचं तट्टू

राजापूरच्या बाजूला बाळंतपण निघालं की हौसा सुईण तट्टावर बसून जायची. तिला स्वतःला पाचवा महिना लागला, तरी ती उतरेना. नवऱ्याने, महिपतने, हात जोडले. ती म्हणाली, "बाळंतपणं मी करते की तुम्ही?"

एक दिवस ती तट्टावरून जात असताना विहिरीवर सखूने तिला अडवलं. "काय गो हौसाबाय, मी पोटुशी होते तेव्हा शिमग्याला माहेरी जायला बैलगाडीत बसू दिलं नाहीस. गाडी हिसके देते म्हणालीस. मग तट्टू काय पाळणा आहे?"

"तट्टू माझ्या ओळखीचं आहे," हौसा ऐटीत म्हणाली.

"बैलही माझ्या घरचेच होते!"

पाणी भरणाऱ्या बायका खो खो हसल्या. हौसाचे कान तापले. ती खाली उतरली आणि लगाम धरून घरापर्यंत चालत गेली. दुसऱ्या दिवशी तिने गावभर निरोप धाडला, "आता सुईण हवी असेल, तर डोली पाठवा."

पहिली डोली सखूच्याच घरून आली, कारण तिच्या जावेला कळा सुरू झाल्या होत्या. पुढे सखूचा नवरा काशीराम, मागे दीर. घाटी चढताना काशीरामाच्या छातीचा भाता झाला.

"हौसाबाय," तो धापा टाकत म्हणाला, "तट्टू काय वाईट होतं?"

हौसा आत पाय पसरून आरामात बसली होती. पडदा बाजूला करून तिने गोड आवाजात सांगितलं, "भावजी, ते तुमच्या बायकोला विचारा."