राळेचं ठिगळ

मी ट्यूब बोलतेय. सायकलच्या मागच्या टायरच्या पोटात राहणारी. हसताय काय? तुमच्याही पोटात हवाच असते, मी निदान ती कामाला लावते.

जन्म कारखान्यातल्या तापल्या साच्यातला. मग मुंबईच्या एका सायकल-दुकानात खुंटीवर लटकले. सहासष्ट साली त्या दुकानाच्या मालकानं सायकल हाकणारे पगारी गडी ठेवून चार दिवसांच्या शर्यतीत उतरवले आणि मी शिरगावच्या दादूच्या चाकात गेले. कोळ्याचा मुलगा. पाय लांब, कान त्याहून लांब, आणि स्वभाव असा की गुदमरला तरी खिडकी उघडा म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी मुक्काम पालघरला. गड्यांवर देखरेख करणारे नागोराव, म्हणजे आधी पोट यायचं आणि मागून ते, सगळ्यांदेखत म्हणाले, "दादू, तीन दिवस शेपटाला आहेस. उद्या ठरल्या वेळेत तारापूर गाठलंस तर कामावर राहशील. नाहीतर घरी जाऊन बोंबील वाळव!"

आणि नेमका तेव्हाच मला खिळा लागलेला! सांगितलं तर नागोराव शेपटाच्या गड्यावर नवी ट्यूब खर्चणार नाहीत, उद्या उतरवणारच नाहीत, या धास्तीनं दादू गप्प. सायकल घेऊन गुपचूप शिरगावला, होड्या दुरुस्त करणाऱ्या रामूकाकाकडे.

"काका, ट्यूबला भोक पडलंय."

"मंग रडतो कशाला? होडीला पडतं तवा पानी आत येतं, हिची हवा बायेर जाते. भोक त्ये भोकच!"

त्यानं कापूस, राळ आणि मुशी माशाचं तेल कढवून माझ्यावर थापलं. घंगाळात बुडवलं. बुडबुडा नाही! काका असा फुगला की मीच लाजले. अहो काका, होडी जन्मभर गार पाण्यात, मी तापल्या डांबरावर! पण ट्यूबचं ऐकतो कोण?

चौथ्या दिवशी पालघर ते तारापूर, परत पालघर, पुन्हा तारापूर. सकाळी झकास गेलं. दुसऱ्या फेरीत ऊन चढलं आणि राळ मऊ व्हायला लागली. माझा जीव कडेकडेनं जाऊ लागला. दादूला मागचं चाक जड लागलं. त्याचा घाम माझ्या टायरवर टपटपत होता, आणि मी मनात एकच घोकत होते: आत्ता नको, आत्ता नको.

बेटेगावजवळ त्याची आई सोजराबाई मासळीची पाटी आणि पाण्याचा हंडा घेऊन उभी. बसकं चाक बघून तिनं मासळीचं हंडाभर पाणी थेट माझ्यावर ओतलं. राळ आवळली!

मोटारसायकलवरचा पंच ओरडला, "बाई, बाहेरची मदत चालत नाही!"

"मदत कसली? मी मावरं धुते. तुमची शर्यत मधी आली, तिला मी काय करू?"

शिंतोडे उडून पंचाच्या चड्डीलाही बांगड्यांचा वास लागला होता. त्यानं नाक धरून मोटारसायकल पुढे दामटली.

पण बोईसरपुढे ना आई, ना पाणी. वीजघराच्या कामावरचे मजूर ओरडले, "अरे भैया, पंचर!" तारापूरची कमान दिसली आणि ठिगळ सुटलं. फुस्स!

दादूनं सायकल खांद्यावर टाकली आणि पळत सुटला. कमानीखालच्या रेघेपाशी सायकल टेकवली, ढकलली, तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी वाजली. पुढचं चाक पलीकडे, मी अलीकडे. पंच वाकला, उठला, पुन्हा वाकला. नागोरावांनी श्वास धरला, पोट पहिल्यांदाच आत गेलेलं पाहिलं मी.

"पुढचं चाक धरतात," पंच म्हणाला.

नागोराव एवढंच बोलले, "गाडीत बस, दादू. परवा नाशिकला निघायचंय." आणि मला काढून रस्त्यात भिरकावलं.

मागून एसटीनं आलेल्या सोजराबाईनं उचललं. आता माझी पट्टी तिच्या पाटीच्या कडेला गुंडाळलीय. दादूची शर्यत असली की ती धंद्याला बसल्या बसल्या बोटांनी मला दाबत राहते, गिऱ्हाईकाला पापलेटाऐवजी बोंबील देते आणि शिव्या खाते.

दादूच्या चाकात आज बसलेल्या नव्या ट्यूबबाई, तुला माझं सांगणं आहे. तुला जायचंच असेल तर जा. पण रेघ ओलांडल्यावर जा. तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते: त्याच्या काळजीनं इथे एक बाई चुकीचे मासे विकतेय.